एक जुलैचं गाव

नाही होत बाई ते. तू कितीही वेळ उभी राहिली ना इथं, तरी नाही होत. बस आधी. त्या बाकावर नको, त्याचा पाय गेला आहे, इकडं स्टुलावर बस. शाळा उघडाले अजून आठ-दहा दिवस आहेत अन् तू सकाळीच दारात — आपण एकाच आंगणात राहतो, मी तुझ्या बापाच्या ओसरीतून निघालो तेव्हा तू विहिरीवर होती, तिथं काही बोलली नाही अन् इथवर चालत आली. भैय्यालाल शिपाई डाक घेऊन तुमसरले गेला, म्हणून आज कुलूपही मीच उघडलं अन् झाडूही मीच मारला. प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे काय — शिपाई नसला का शिपाई, क्लर्क नसला का क्लर्क, अन् साहेब आले का हात बांधून उभा राहणारा. तो अर्ज ठेव टेबलावर, डस्टर ठेव त्यावर, नाही तं उडन. वाचतो मी मंग. तसं वाचाले काय आहे त्यात — तू 'सर, जन्मतारीख' एवढंच म्हटलं अन् मी समजून गेलो. चंद्रकांता, मी तुले पयलीपासून ओळखतो. तू तोंड उघडाच्या आधी मले तुझं उत्तर माहीत असते.

परवा तू भंडाऱ्याले गेली नर्सिंगचा फॉर्म द्यायले, अन् तिथल्या बाईनं तो खिडकीतूनच वापस दिला. एक जुलैले सतरा पूर्ण पाहिजे, तुझे सोळा होतात, पुढच्या साली ये — असंच म्हटलं ना? तुझ्या बापानं सांगितलं मले. अन् आता तू आली का रजिस्टरात तारीख बदलून द्या. कशी बदलू? भिंतीकडं काय पाहते, इकडं पाह्य. हे दाखल-खारीज रजिस्टर. चौऱ्याहत्तर सालचं पान. तुझं नाव, बापाचं नाव तुलाराम, जन्मतारीख एक जुलै अडुसष्ट, आकड्यातही अन् अक्षरातही. हे इथून बोर्डात गेलं, बोर्डातून सर्टिफिकेटावर छापून येईन. दहावी पास झाल्यावर या तारखेले हात लावायचा म्हणजे कोर्टात जा, वकील करा, मायबापाले उभं करा, तारीख लिहिणाऱ्या मास्तरले उभं करा. अन् तो मास्तर कोण? मीच.

हो, फॉर्मही मीच भरला. बोलाच्या आधीच सांगून देतो. 'वय सतरा पूर्ण आहे काय' — त्याच्यापुढं 'होय' मीच लिहिलं, याच पेनानं. तू म्हणशीन, सर, रजिस्टर तुमच्याच कपाटात, मंग तुम्ही पाहिलं काहून नाही? नाही पाहिलं. मले वाटलं पाहाची गरजच नाही, तुझं वय तं मले पाठ आहे — म्हणजे — ते जाऊ दे. चुकलं माझं. चाळीस वर्षांच्या नोकरीत मास्तर एकदाही चुकला नाही, असं कुठं असते?

पण मी कोणाचं वाईट कराले नाही बसलो, हे ध्यानात ठेव. शहात्तर साली मले नागपूरले पाठवलं होतं, तीन हप्त्यांचं ट्रेनिंग, व्यवसाय मार्गदर्शन — वापस आलो तं पेटीभर तक्ते घेऊन. दहावीनंतर काय, आयटीआय, डी.एड., नर्सिंग, पोलीस, फॉरेस्ट — कोणत्या नोकरीले किती उंची, किती छाती, कोणत्या वर्षापर्यंत अर्ज. या जंगलाच्या कडेले कोणाले माहीत होतं हे? पोट्टे शाळा सुटली का मॅंगनीजच्या खाणीवर जात, नाही तं मोहफुलं वेचत. मी घनश्यामले समोर बसवलं अन् म्हटलं, तू उंच आहे, आवाज मोठा आहे, वर्गात गप्प बसत नाही — तू एसटीत कंडक्टर होशीन. झाला. आज तुमसरच्या गाडीवर आहे, मले पाहिलं का समोरची सीट खाली करून देते. तुम्ही सगळे मागून मले करिअर मास्तर म्हणता — मले माहीत आहे — म्हणा. दहावीले मी गणिताच्या आधी अर्ज शिकवला. डाव्या बाजूले प्रति, मंग विषय, मंग महोदय, मंग कारण. कारण लिहिल्याशिवाय अर्ज नाही. वीस-वीस वेळा लिहून घेतलं की नाही? घेतलं. तुझ्या हातावर तं पट्टीही मारली होती एकदा, कारण रिकामं सोडलं म्हणून. नोकरी भेटो न भेटो, मागता तं आली पाहिजे माणसाले.

आता तारखेचं ऐक. तुले वाटत असन, सरनं झोपेत लिहिलं. तसं नाही. जून महिन्यात माय पोट्ट्याले ओढत घेऊन येते, ते रडून राहिलं असते, मी विचारतो जन्म कधीचा, तं ती म्हणते धानाचा रोवणा चालू होता. कोणत्या सालचा रोवणा? ज्या साली शेतातल्या बोडीची पाळ पाण्यानं फुटली त्या सालचा. दुसरी म्हणते, माझ्या दिराच्या लग्नाच्या आधल्या साली. तिसरी म्हणते, तुम्हीच पाहा जी मास्तर, दात मोजून घ्या. रजिस्टरात दात लिहिता येतात काय? नाही येत, तिथं तारीखच लागते. मंग मास्तर काय करन — एक जुलै. आधीचे मास्तरही तेच करत, त्याच्या आधीचेही तेच. पान उलटून पाह्य — एक जुलै, एक जुलै, इकडं पाह्य, पुन्हा एक जुलै. अख्खं गाव एका दिवशी जन्मलं. एक साहेब तपासणीले आले होते, ते हसून हसून म्हणे, टिकाराम गुरुजी, तीस जूनले तुमच्या गावच्या सुइणीची फार धावपळ होत असन.

दिवस तं सगळ्यांचाच खोटा. साल मात्र मी विचार करून लिहीत होतो. मी स्वतः किती वर्षांचा आहे, माहीत आहे तुले? कागदावर अठ्ठावन्न पूर्ण होऊन राहिले. माझीही एक जुलैच आहे, म्हणून येत्या तीस तारखेले मी रिटायर. आमच्या गावी भैय्याजी गुरुजी होते. माझा बाप त्यायले म्हणाला, गुरुजी, पोराले लवकर नोकरीले लावा, घरात खाणारे फार आहेत. गुरुजीनं बिचाऱ्यानं तीन वर्षं वाढवून लिहिले. कागदावर अठरा झाले अन् मी मास्तर झालो — खरा पंधराचा होतो, मिसरूड नव्हतं फुटलं, चौथीतले दोन पोट्टे माझ्यापेक्षा उंच होते. तेव्हा बाप खूष, गुरुजी खूष, मीही खूष. अन् आता ते तीन वर्षं सरकार वापस घेऊन राहिलं. मी पंचावन्नचा आहे, चंद्रकांता. दात शाबूत आहेत, पाठ ताठ आहे, अजून दहावीच्या तीन बॅच मी काढल्या असत्या. पण नाही. चार्ज द्या अन् घरी जा. भैय्याजी गुरुजी मरूनही वीस वर्षं झाले, मी भांडू कोणासंग?

म्हणून मी ठरवलं होतं — माझ्या हातचं एकही पोट्टं असं लवकर घरी नाही येणार. ज्याची माय सात म्हणे, त्याले मी सहा लिहिलं. आठवं लागलेलं आलं, त्यालेही सहा. सगळ्यांचं वर्ष-दोन वर्षं काढून ठेवलं. घनश्याम कागदावर चोवीसचा आहे, खरा सव्वीसचा. शेवटी-शेवटी दोन वर्षं जास्त नोकरी करन, पोराचं लग्न नोकरीत असताना करन, तेव्हा म्हणन टिकाराम सर होते म्हणून. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये हे कोणी नव्हतं शिकवलं, हे माझं स्वतःचं मार्गदर्शन. मले फार बरं वाटे ते लिहिताना. पोरांचाच विचार केला मी, पोरींचा नाही केला, हेही खरं. पोरी तेव्हा कुठं नोकरीपर्यंत जात होत्या? चौथी झाली का घरी. तुझ्या वेळी हात सवयीनं चालला. तुझी माय बायजाबाई तुले घेऊन आली, कडेवर तुझा भाऊ — त्यालेच सांभाळाले तुले घरी ठेवलं होतं, म्हणून तू उशिरा आली शाळेत. ती म्हणाली, सहासष्ट साली, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते तिच्या दुसऱ्या दिवशी झाली, हिचा बाप मंडईतलं नाटक पाहून घरी आला तं पोरगी झालेली. म्हणजे तुले सात पूर्ण होऊन आठवं लागलेलं. मी लिहिलं सहा. एकोणीस महिने काढून घेतले तुझे. कोणाले वाटलं होतं का तू एकसष्ट टक्के घेऊन येशीन, गावातली पयली पोरगी फर्स्ट क्लासमध्ये, अन् कोणी तुले तेच एकोणीस महिने वापस मागन?

काय? मले इतकं कसं आठवते? आठवते बाई, मास्तरले आठवते. नाही — खरं सांगू? डोक्यात कसं राहीन, तीनशे-चारशे पोट्टे झाले. लिहून ठेवलं आहे. एक वही आहे. रजिस्टरात खोटं लिहाचं तं खरं कुठंतरी असलं पाहिजे, नाही तं माणसाच्या मनाले लागून राहते. मायनं जे सांगितलं ते जसंच्या तसं — रोवणा, बोडी, मंडई, गावात गोवर आला होता तेव्हा — अन् मंग मी जुनी पंचांगं काढून त्याची तारीख पाहत होतो. रविवारचा माझा तोच धंदा. या खालच्या खणात आहे, किल्ली माझ्या कमरेले. म्हणून तं तुझा फॉर्म भरताना मी चुकलो — डोक्यात वहीतली तारीख, अन् फॉर्मसंग जोडला रजिस्टरातला दाखला. बायको होती तेव्हा तिलेही हे नव्हतं सांगितलं मी. तुले काहून सांगून राहिलो, मले नाही समजत. 

आता तू म्हणशीन, सर, वही द्या, मी कोर्टात दाखवीन. नाही देत. हात जोडतो तुझ्यासमोर, पण नाही देत. तुझी एक ओळ दाखवायची तं सगळी वही उघडावी लागन. मंग घनश्यामची ओळ दिसन, फॉरेस्टमधल्या दोघांची दिसन, नाकाडोंगरीकडं मास्तर झाला त्याची दिसन — चाळीस-बेचाळीस जण नोकरीत आहेत आपले, सगळ्यांचे दोन-दोन वर्षं त्या वहीत आहेत. चौकशी लागली तं एकेकाच्या घरी कागद जाईन, अन् माझे पेन्शनचे कागद जिथल्या तिथं थांबतीन. बारा दिवस राहिले. हे बारा दिवस मले कोणी काही विचारू नये, एवढंच पाहिजे. मी भेतो, चंद्रकांता. तुम्हाले सांगत आलो का मुलाखतीत भ्याचं नाही, समोरच्याच्या डोळ्यात पाहून बोलाचं — अन् मी स्वतः साहेबाची जीप दिसली का धोतर सावरतो. अन् जाईन तरी कुठं? घर नाही बांधलं, पोरगं नाही, बावीस वर्षं तुझ्या बापाच्या ओसरीतल्या खोलीत राहतो, बायको गेल्यापासून तुझ्या मायच्या हातचं खातो. या गावातून पोट्टे बाहेर काढता काढता मीच इथं अडकून राहिलो.

लग्नाचं म्हणशीन तं मी तुझ्या बाजूनं बोललो की नाही? बोललो. चैतात बपेऱ्याचे लोक तुले पाहून गेले, तेव्हा मीच तुलारामजीले म्हटलं, पोरगी हुशार आहे, नर्सिंगचं होऊ द्या, नंबर लागला तं लग्न थांबवा. तो म्हणाला, थांबवतो. शब्दाचा पक्का आहे तुझा बाप, थांबवलं असतं त्यानं. पण फॉर्मच वापस आला. पत्रिका आठ दिवसांपासून छापून पडल्या होत्या, काल दुपारी त्यानं ओसरीत चटई टाकली अन् म्हटलं, मास्तर, घाला आता नावं. गावातल्या सगळ्या पत्रिकांवर नावं मीच घालतो, अक्षर चांगलं आहे म्हणून. एकशे आठ पत्रिका, सव्वीस तारखेच्या. एकेक उचलाची, कोपऱ्याले हळद लावाची, नाव लिहाचं. आत तू तांदूळ निवडून राहिली होती, सुपाचा आवाज येत होता मले. मी थांबलो काय? नाही थांबलो. दोन राहिल्या फक्त, त्या शाई संपली म्हणून राहिल्या.

अजून एक गोष्ट आहे. ती तुले तुझ्या घरात कोणी सांगितली नसन. बपेऱ्याच्या म्हाताऱ्यानं चैतात विचारलं होतं, पोरगी किती वर्षांची? तुझा बाप म्हणाला, ते आमच्या मास्तरले विचारा, त्यायच्यापाशी लिहिलेलं असते. सगळे माझ्याकडं पाहाले लागले. रजिस्टरातलं सांगतो तं सोळावं — ते लोक पुढारलेले आहेत, म्हणाले असते अजून लहान आहे, पाहू दोन वर्षांनी. एवढं एक वाक्य बोलाचं होतं मले. मी काय म्हटलं? मी म्हटलं, अठरावं चालू आहे, बिनघोर करा. वहीतलं सांगितलं. पाहुण्यांसमोर खोटं बोलाची लाज वाटली मले. सगळ्या जिंदगीत तारखेच्या बाबतीत एकदा खरं बोललो, अन् ते असं.

काही म्हण ना. रडाचं तं रड, मी तिकडं तोंड करतो. बोल मले काही, बापाच्या जागी नाही तं मास्तरच्या जागी समजून बोल. तू तं माझ्याकडं पाहतही नाही. आल्यापासून त्या भिंतीकडंच पाहून राहिली, मले वाटलं पोरगी लाजते. काय आहे तिथं? तो तक्ता होय — पंचायत समितीनं पाठवला होता, मीच चार खिळे ठोकले. मुलीचे लग्न अठरा, मुलाचे एकवीस. खालून वाळवी लागली त्याले, काढू काढू म्हणता राहून गेला. अठ्ठ्याहत्तरचा कायदा आहे तो. कोण मानते बाई? नर्सिंगच्या खिडकीवर कागद पाहतात, मांडवात कोण कागद पाहते? अन् एखाद्यानं पाहिलाच समज, एखाद्या तहसीलदारानं म्हटलंच का दाखवा पोरीचा दाखला, तं त्या दाखल्यावर तं — त्यावर तं सोळा —

थांब. तो अर्ज दे इकडं. डस्टर काढ. चष्मा कुठं गेला — हा, डोक्यावरच आहे. 'प्रति, मा. प्रभारी मुख्याध्यापक.' बरोबर. 'विषय — शाळेच्या रजिस्टरप्रमाणे जन्मतारखेचा दाखला मिळणेबाबत.' दाखला. तारीख बदलून मिळणेबाबत नाही. 'महोदय, मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी असून —' हं. 'कारण — वय अठरा पूर्ण नसताना ठरलेला माझा विवाह थांबविण्यासाठी मा. तहसीलदार, तुमसर यांच्यासमोर सादर करणे.'

कारण लिहिलं तू.

म्हणजे तुले तारीख बदलून नव्हतीच पाहिजे. जशी आहे तशीच पाहिजे होती. अन् मी एवढा वेळ वही काय, चैत काय, म्हातारा काय — तू मले थांबवलं काहून नाही? थांबवलंही असशीन, मी कुठं ऐकतो कोणाचं. कागदावर सोळा, म्हणजे दोन वर्षं कोणाले तुझं लग्न लावता येत नाही. अन् पुढच्या साली एक जुलैले कागदावरच सतरा पूर्ण, म्हणजे भंडाऱ्याची ती खिडकी. जे तारखेनं तुझं बंद केलं, तेच तिच्याकडून उघडून घेऊन राहिली तू. हे मले नाही सुचलं. तीन हप्त्यांचं ट्रेनिंग घेऊन, पेटीभर तक्ते आणून नाही सुचलं.

पण समजून घे, माझं काय होईन. तहसीलदार मले बोलावन. म्हणन, गुरुजी, पाहुण्यांसमोर अठरावं सांगितलं अन् कागदावर सोळा लिहून देता, खरं कोणतं? तुलारामजी तिथंच उभा राहीन, माझ्या तोंडाकडं पाहत. बावीस वर्षं त्या माणसानं मले कधी भाडं नाही मागितलं. मंग त्या ओसरीत मी पाय कोणत्या तोंडानं ठेवू? तुझी माय मले ताट वाढन काय? नाही वाढणार. अन् मले तिथं शपथेवर म्हणावं लागन का एक जुलै अडुसष्ट हीच खरी. मी नाही म्हणू शकलो तं? मी तुले सांगतो, मी तसा माणूस नाही, मी समोरच्याच्या डोळ्यात नाही पाहू शकत. तू दुसऱ्या कोणाले — दुसरं कोण आहे? सही तं माझीच लागते. अजून बारा दिवस माझीच लागते.

दाखल्याचं पुस्तक दे ते, कपाटावरचं. शाईची बाटलीही दे. 'प्रमाणित करण्यात येते की, कुमारी चंद्रकांता तुलाराम गभने, हिची जन्मतारीख या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरप्रमाणे' — एक, सात, अडुसष्ट. अक्षरी — एक जुलै एकोणीसशे अडुसष्ट. अक्षरी लिहिलं का कोणी खोडू शकत नाही. जावक क्रमांक टाकतो, नाही तं म्हणतीन घरी बसून केला. ही सही — माझीच आहे, ओळखू येते. हा शिक्का. फुंकर मार, पुसू नको. तहसीलदारासमोर मंडई-बिंडई काही बोलाचं नाही. माय बोलली तं बोलू दे, मायच्या बोलण्यावर शिक्का नसतो. मले बोलावलं तं येईन मी. येतो म्हटलं ना. आता असं पाहशीन तं रडाले येईन मले.

अन् हे पान. थांब, खण अडकते जरासा. ही पाह्य तुझी ओळ — पंधरा नोव्हेंबर सहासष्ट, मंडईचा दुसरा दिवस. पानावर तू एकटीच आहे, बाकीच्या ओळी रिकाम्या राहिल्या होत्या, बरं झालं. फाडून देतो. हे तुझं खरं, तुझ्यापाशी ठेवजो. नोकरी संपन तेव्हा उघडून पाहजो, तोवर कोणाले दाखवू नको.

कोण येऊन राहिलं फाटकातून? उठ. तुलारामजी आहे, डोक्याले काही नाही, पायात काही नाही, तुलेच शोधून राहिला. समोरून नको. मागच्या दारानं नीघ अन् तलावाच्या पाळीवरून जा, दहाची तुमसरची गाडी वळणावर हात दाखवला का थांबते. घनश्यामच असन तिच्यावर, त्याले म्हण सरनं पाठवलं, तिकिटाचं मी पाहीन. पाया नको पडू, वेळ नाही. जा ना बाई, जा लवकर.

या तुलारामजी, या जी. बसा. त्या बाकावर नको, त्याचा पाय गेला आहे. चंद्रकांता? नाही जी, शाळा बंद आहे, इथं कायले येईन ती, कोण्या मैत्रिणीकडं असन. हो, दोन पत्रिका राहिल्या, लिहितो ना, पेन हातातच आहे. तुम्ही बसा तं आधी, एवढी कायची घाई, मले कवाचं तुम्हाले एक सांगाचं होतं. बावीस वर्षं झाले तुमच्या घरात, तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. माझी जन्मतारीख जी. आमच्या गावी भैय्याजी गुरुजी होते, फार भला माणूस, माझा बाप मले त्यायच्याकडं घेऊन गेला तेव्हा मी एवढासा होतो — उठू नका ना, ऐका, लंबी गोष्ट आहे. तं बाप म्हणाला, गुरुजी, पोराले लवकर नोकरीले लावा. अन् गुरुजीनं टाक उचलला, दौतीत बुडवला, अन् —

हॉर्न? हो, ऐकला मी. तुमसरची गाडी असन. थांबली वाटते वळणावर.

निघाली.

नाही जी, पुढं काही नाही. झाली गोष्ट. तुम्ही जा आता, मले कुलूप लावाचं आहे.